वही नंबर सात

बकुळा गमरेचा अर्धा तास हिंदमाताच्या बाजारात प्रसिद्ध आहे. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात साडी घेतं, रस्ता ओलांडून बकुळाच्या आठ बाय नऊच्या गाळ्यात येतं आणि विचारतं, "मावशी, ब्लाऊज कधी मिळेल?" बकुळा ओठांत धरलेली टाचणी न काढता सांगते, "अर्ध्या तासात ये." हा अर्धा तास कधी दोन तासांचा असतो, कधी पुढच्या मंगळवारपर्यंत चालतो. एका लग्नसराईत तो अकरा दिवस चालला आणि नवरी दुसऱ्याच ब्लाऊजवर बोहल्यावर चढली. तीच नवरी वर्षभराने डोहाळजेवणाचा ब्लाऊज शिवायला बकुळाकडेच आली. असं का, हे बकुळाच्या मापवह्या बघितल्याशिवाय कळायचं नाही.

वह्या अकरा. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याच्या, वाण्याच्या खतावणीसारख्या. एका पानावर एक बाई. वर नाव, मग उंची, छाती, कंबर, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा आणि त्याखाली पेन्सिलीने मारलेली आडवी रेघ. रेघेच्या वर जे असतं ते कुठल्याही टेलरकडे मिळेल. रेघेखालचं फक्त बकुळाकडे.

'डावीकडे कापूस भरणे. ऑपरेशन झालंय, सुनेला माहीत नाही.' 'एक खांदा खाली आहे. आरशासमोर बोलू नये.' 'तिसरा महिना. शिलाई सोडून ठेव. विचारू नको.'

ही सवय तिला परळच्या गुणाजी मास्तरांनी लावली. बकुळा त्यांच्याकडे हूक लावायला होती तेव्हा ते म्हणायचे, "माप हरवलं तर बाई परत माप देईल. पण तिने एकदा मान खाली घालून सांगितलेलं तू विसरलीस, परत विचारलंस, तर ती बाई गेली." मास्तर गेले, बकुळाने स्वतःचं दुकान टाकलं, पण सवय राहिली. तीस वर्षांत तिने तारखा शेकड्याने चुकवल्या, बाई मात्र एकही गेली नाही. तिच्या धंद्याचं सगळं भांडवल रेघेखाली होतं आणि भांडवल कुठे आहे हे मालकिणीलाच कधी नीट कळलं नव्हतं.

ॲपचं खूळ मुलीचं. प्रिती लोअर परळच्या एका कंपनीत एचआरमध्ये. लोकांना कामावर घेणं आणि गोड बोलून काढणं, दोन्ही तिच्याकडे.

"मम्मी, लोक घरबसल्या कोथिंबीर मागवतात. आणि तुझ्या बायका 'झाला का, झाला का' विचारायला भर उन्हात येतात."

"येतात तर दोन पीस जास्त टाकून जातात."

"येतात तर तुला शिव्या घालून जातात. मी पायरीवर उभी राहून ऐकलंय."

बकुळाने भिशीचे दीड लाख नव्या मशीनसाठी ठेवले होते. प्रितीने ते हळूहळू ॲपकडे वळवले. पहिल्या कंपनीने आठ लाख सांगितले. तिथल्या थंडगार खोलीत बकुळा एक ग्लास पाणी पिऊन उठली. दुसरा इंटरनेटवरचा इसम तीस हजारांत करतो म्हणाला, पण तोंड दाखवेना. तिसरा सिद्धार्थ तळपदे. तळपद्यांच्या गिरगावात एके काळी दोन चाळी होत्या. आता त्यांचा पणतू खोताच्या वाडीत एक खोली भाड्याने घेऊन लॅपटॉप मांडून बसला होता. पणजोबांनी घेतलेलं भाडं पणतू फेडत होता, एवढंच. मुलगा मात्र सरळ. एका शनिवारी स्वतः दुकानात आला, स्टुलावर बसला आणि यादी वाचायला लागला.

"लॉगिन, ऑर्डर, पिकअपची वेळ, पैसे भरायची सोय. आणि लाइव्ह स्टेटस. म्हणजे ब्लाऊज कुठपर्यंत आलाय ते गिऱ्हाइकाला फोनवर दिसेल. कटिंग, शिलाई, हूक, तयार."

"दिसेल म्हणजे? खरं दिसेल?"

"अगदी मिनिटासकट."

"आणि ह्याचे किती?"

"पस्तीस हजार."

"माझीच अब्रू घालवायला मी पस्तीस हजार देऊ? प्रिती, ह्याला चहा सांग, बिचारा उन्हातून आलाय."

यादी पुढे सरकत गेली. ब्लाऊजच्या बजेटमध्ये बकुळाचा कोणी हात धरू शकत नाही. अस्तर, पायपिंग, लटकन यांतलं कुठलं बाईच्या अंगासाठी आणि कुठलं टेलरच्या पोटासाठी, हे ती ओळखते. ॲपकडेही तिने तसंच बघितलं. दोन लटकनं काढून टाकली. शेवटची ओळ आली. डेटा एन्ट्री, अकरा वह्या, तेवीसशे पानं, पानाला वीस रुपये, शेहेचाळीस हजार.

"वीस?" बकुळाने टाचणी तोंडाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेली. "सात आकडे उतरवायला वीस रुपये?"

"मी आणि माझी मावशी घरी बसून करणार, ताई. काम जपून करायचं आहे."

"पाच."

"पाचमध्ये मला घरी नाही परवडणार. बाहेर द्यावं लागेल."

"मग दे ना बाहेर. मला काम झाल्याशी मतलब."

साडेचौतीस हजार वाचले. प्रितीने कौतुकाने आईकडे बघितलं. बजेट पक्कं करायला नमुन्याची पानं हवीत असं सिद्धार्थ म्हणाला, तेव्हा बकुळाने स्वतः उठून सातव्या नंबरची वही काढली, कारण त्या वहीत तिचं अक्षर चांगलं होतं. एकशे एकवीस ते एकशे साठ. चाळीस पानांचे फोटो त्याने तिथल्या तिथे फोनवर काढले. पानाच्या वरपासून खालपर्यंत.

रेघेच्या खालीही.

*

आठवड्याने, म्हणजे शनिवारीच, अकराच्या सुमाराला सिद्धार्थ परत आला. प्रितीला सुट्टी होती. कच्चं ॲप फोनवर होतं, जांभळ्या रंगाचं, वर सुईदोऱ्याचं चित्र.

"नाव टाका कुठलंही. त्या चाळीसातलं."

बकुळाने एका बोटाने टाइप केलं, शैला. मापं आली. छाती, कंबर, मुंढा, सगळं चौकटीत नीट बसवलेलं. बकुळा हसली. मग तिने बोटाने पान वर सरकवलं. खाली आणखी एक चौकट होती. तिच्यावर लिहिलं होतं टीप, आणि आत: 'तिसरा महिना. शिलाई सोडून ठेव. विचारू नको.'

बकुळाने तोंडातली टाचणी काढली. दुकानात बसलेली असताना तिने टाचणी काढलेली प्रितीने कधी बघितली नव्हती.

"हे इथे कसं आलं?"

"पानावर होतं ते सगळं घेतलंय. एक अक्षर सोडलं नाही," सिद्धार्थ अभिमानाने म्हणाला.

"कोणी वाचलं?"

"ज्यांनी टाइप केलं त्यांनी. चौघीजणी आहेत. इथल्याच, परळ-लालबागच्या. घरी बसून काम करतात. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा, त्या टाइप करून देतात. पानाला दोन रुपये."

परळ-लालबागच्या बायकांनी बकुळाच्या कानात सांगितलेलं परळ-लालबागच्याच बायकांनी दोन रुपये पानाने उतरवून घेतलं होतं. वाचलेले साडेचौतीस हजार असे वसूल झाले.

"मम्मी," प्रिती म्हणाली, "त्या चाळीसात कोण कोण आहे?"

बकुळाला पानं पाठ होती. एकशे एकवीस शैला. एकशे तीस, एक खांदा खाली. ती बोटांवर मोजत गेली आणि एकशे एकोणचाळीसवर थांबली.

एकशे एकोणचाळीस म्हणजे सलोनी. भोईवाड्यातली, तिशीची, बोलताना हसून अर्धं वाक्य गिळणारी. नवरा रामदास रे रोडला लाकडाच्या वखारीत सुपरवायझर. दोन वर्षांपूर्वी तांदळाच्या डब्यात त्याला चारशे रुपये सापडले होते. त्यानंतर सलोनीने सगळ्या ब्लाऊजांचे हूक काढून वेल्क्रोची चिकटपट्टी लावून घेतली, कारण उजव्या हाताची तीन बोटं महिनाभर मिटत नव्हती. बकुळाने विचारलं नाही, सलोनीने सांगितलं नाही. नंतर एकदा ट्रायलच्या पडद्यामागे तिने सांगितलं ते मात्र वहीत होतं: 'बाही कोपरापर्यंत, दंड दिसू नये. आत डावीकडे खिसा, ४ बाय २॥, बँकेचं कार्ड मावलं पाहिजे. घरी कळता कामा नये.'

कार्ड तिच्या एकटीच्या नावाचं होतं. मेंदी काढून जमवलेले पैसे. पुण्यात तिच्या मावशीने पाळणाघरात नोकरी बघून ठेवली होती आणि एक तारखेला सलोनी जाणार होती. आजपासून पाच दिवसांनी. हे सलोनीला ठाऊक होतं, बकुळाला ठाऊक होतं आणि त्या रेघेखाली अर्धंअधिक लिहिलेलं होतं.

बकुळाने नाव टाकलं. मापं आली. टीप: कोरी.

"सुटलं बाई," प्रिती म्हणाली. "राहून गेलं टाइप करायचं."

"बाकीच्यांचं बघ रे," बकुळा म्हणाली.

सिद्धार्थने चाळीसही पानं बघितली. जिथे जिथे रेघेखाली काही होतं, तिथे टीप भरलेली होती. फक्त हिची नव्हती.

"चूक झाली असेल, ताई. होते."

"चूक झाली असती तर आकड्यात झाली असती." बकुळाने पान परत वर सरकवून बघितलं. टाइप झालेली टीप म्हणजे टाइप करणारीने न बघता पुढे ढकललेली. गाळलेली टीप म्हणजे तिने थांबून, नीट वाचलेली. "हे पान कोणी केलं?"

सिद्धार्थने यादी काढली. आडनावं त्याच्याकडे नव्हती, नंबर होते.

"नलू."

सलोनीच्या नणंदेचं नाव नलू. घरी बसून मोबाईलवर काहीतरी टाइप करते आणि स्वतःच्या रिचार्जचे सुटवते, असं सलोनी म्हणाली होती.

"विचारू का तिला फोन करून?"

"खबरदार! तो फोन कोणाच्या हातात असेल काय माहीत."

सलोनीला फोन करण्यात अर्थ नव्हता. तिचा फोन रामदास रोज तपासायचा, ती कुठे आहे तेही त्याला स्वतःच्या फोनवर दिसायचं. बकुळाने फळीवरून सलोनीचा नवा ब्लाऊज उतरवला. तीन दिवसांपासून तयार होता. ब्लेड घेतलं आणि आतला खिसा टाका-टाका करून उसवला. खिसा निघाला. अस्तरावर सुईची बारीक भोकं राहिली, मुंग्यांच्या रांगेसारखी. ती जायला एक धुणं लागतं. तेवढा वेळ नव्हता.

"तुम्ही दोघं इथून हलू नका," म्हणून ती ब्लाऊज पिशवीत घालून, गळ्यात टेप तशीच ठेवून निघाली.

*

भोईवाडा चालत दहा मिनिटं. तिसरा मजला. दार नलूने उघडलं. बावीस-तेवीसची, हातात फोन. बकुळाला बघून तिचे डोळे आधी पिशवीवर गेले.

आत रामदास पलंगावर बनियनवर बसला होता. सलोनी ओट्याशी. तिने मागे वळून बघितलं आणि तिचा डावा कोपर आपोआप अंगाशी घट्ट झाला. कार्ड अंगावरच्या ब्लाऊजमध्ये होतं.

"अरे बापरे, मावशी!" रामदास हसला. "ब्लाऊज, घरपोच, आणि तोही वेळेवर? तब्येत बरी आहे ना?"

"इकडे एक गिऱ्हाईक होतं. म्हटलं देऊन टाकावा."

"मावशी, आल्याच आहात तर माझंही माप घ्या ना," नलू म्हणाली आणि तिने बकुळाला दंडाला धरून मोरीजवळच्या बोळात ओढलं. तिची बोटं गार होती.

बकुळाने टेप लावली. "छाती बत्तीस," ती मोठ्याने म्हणाली.

"मी ते टाइप नाही केलं," नलू ओठ न हलवता म्हणाली.

"मुंढा पंधरा."

"फोटो मंगळवारी आला, पुसला बुधवारी सकाळी. आणि दादा रोज रात्री जेवल्यावर माझा फोन बघतो."

"हात वर कर ग. बाही साडेसात."

"मंगळवारी बघितला का, मला नाही माहीत. काही बोलला नाही. पण बुधवारपासून तो वहिनीशी गोड बोलतोय, मावशी. काल तिला गजरा आणला." नलूने बोळाबाहेर एक नजर टाकली. "आणि मला विचारलं, हिचे ब्लाऊज किती आहेत."

बकुळाने टेप कंबरेला लावली. तिने कंबर दोनदा मोजली आणि दोन्ही वेळा वेगळी आली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

बाहेर आल्यावर रामदासने हात पुढे केला. "बघू तरी, काय शिवलंय."

ना म्हणायला कारण नव्हतं. त्याने ब्लाऊज घेतला. पुढून बघितला नाही, मागून बघितला नाही, सरळ उलटा केला. डाव्या बाजूच्या अस्तरावरून अंगठा फिरवला. हळू. भोकांच्या रांगेवर येऊन अंगठा थांबला.

पुरुष ब्लाऊज बघतो तेव्हा पाठीचा गळा बघतो नाहीतर बिल बघतो. अस्तर बघणारा पुरुष बकुळाने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला.

"इथे काय होतं?"

"शिलाईची टीप. उसवली. छातीत घट्ट झाला होता," बकुळा म्हणाली. आवाज कुठून आला तिलाही कळलं नाही. "म्हणून तर ट्रायल हवी. अंगावर बघून परत मारते."

"घाल ना इथेच."

"इथे कुठे, दादा," नलू मध्येच म्हणाली, फोनमध्ये बघत, कंटाळल्यासारखी. "इथे उजेड नाही, आरसा तेवढुसा. मागच्या वेळी असाच घोळ झाला आणि वहिनीने चार दिवस डोकं खाल्लं. जा ग वहिनी दुकानात, देऊन ये एकदाची."

रामदासने बहिणीकडे बघितलं. जरा जास्त वेळ बघितलं. मग ब्लाऊज घडी न करता सलोनीकडे फेकला.

"किती वेळ लागेल?"

"अर्धा तास."

"तुमचा अर्धा तास?"

"माझा."

तो हसला. "जा. फोन घेऊन जा."

*

दोघी जिना उतरल्या. कोपऱ्यावर बकुळाने चालता चालताच सगळं सांगितलं. वहीचं, फोटोचं, विसाचे पाच केल्याचं. लपवलं काही नाही. सलोनीने ऐकून घेतलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"एक तारखेला अजून पाच दिवस आहेत, मावशी."

"तुझी एक तारीख आज."

"मी काहीच घेतलं नाही. कपडे... सर्टिफिकेटं..."

"कार्ड आहे ना?"

सलोनीने कोपर दाबून बघितला.

दुकानात पोचल्यावर सलोनीने आयुष्यात नसतील केली इतकी कामं तीन मिनिटांत केली. फोन ट्रायलच्या पडद्यामागे स्टुलावर ठेवला. प्रितीची ओढणी डोक्यावरून घेतली. मावशीचा नंबर कागदावर लिहून घेतला, कारण पाठ फक्त नवऱ्याचा होता. सिद्धार्थ तिला दादर टीटीला पुण्याच्या बसमध्ये बसवायला निघाला.

"तिकीट काढ. पैसे बजेटमध्ये धर," बकुळा त्याला म्हणाली.

प्रिती पडद्यामागे जाऊन उभी राहिली. लेडीज टेलरच्या त्या पडद्यामागे पुरुष जात नाही. नवरा असो, बाप असो, बाहेरच्या बाकावर बसतो आणि पंख्याकडे बघतो. हिंदमाताच्या बाजारात एवढी एक गोष्ट अजून कोणी मोडलेली नव्हती. बकुळाचा सगळा भरवसा साडेचार फुटांच्या फुलाफुलांच्या कापडावर होता. पडद्याखालून पाय दिसत होते. प्रितीने आईच्या साध्या चपला घातल्या होत्या.

बरोबर पस्तिसाव्या मिनिटाला रामदास आला. बाकावर बसला. स्वतःच्या फोनकडे बघितलं, मग पडद्याकडे.

"आहे इथेच. फोनमध्ये दिसतंय."

"मग काय पळून जाईल होय?" म्हणून बकुळाने मशीन सुरू केलं. खाली कापड नव्हतं. ते लक्षात आल्यावर तिने हाताला लागलं ते चिंधूक सुईखाली सरकवलं.

पडद्यामागे बांगड्या वाजल्या.

"मावशी," रामदास गप्पा मारल्यासारखा म्हणाला, "तुम्ही ब्लाऊजला आतून खिसेपण शिवता म्हणे."

मशीन थांबलं नाही. पाय थांबले असते तर संपलं होतं, म्हणून पाय चालत राहिले. म्हणजे त्याने मंगळवारी बघितलं होतं. चार दिवस तो वाट बघत होता. कशाची? खिसा भरायची?

"शिवते ना. पन्नास रुपये जास्त. तुम्हाला हवाय का शर्टाला?"

तो मोठ्याने हसला. "किती वेळ अजून?"

"अर्धा तास."

बकुळाचा फोन वाजला. सिद्धार्थ. "बस सुटली, ताई. सुटताना तिने हात केला."

"बरं. बघते," बकुळा म्हणाली आणि फोन ठेवला. सायन, चेंबूर, वाशी. बस सुटली तरी मुंबई सुटायला वेळ लागतो. तिने दुसरं चिंधूक घेतलं. ती उलटी टीप मारत होती, सरळ मारत होती. रामदासने तीनदा घड्याळ बघितलं. मग त्याने फोन लावला. पडद्यामागे सलोनीचा फोन वाजला. वाजत राहिला. कोणी उचलला नाही.

तो उठला. बकुळा "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्याने पडदा ओढला. वरची तार निसटून खाली आली.

आत प्रिती उभी होती, छातीशी फोन धरून. "ए! लेडीज ट्रायलमध्ये शिरतोस? लाज आहे का?" तिने आवाज असा लावला की समोरच्या साडीवाल्याचे चारही सेल्समन गादीवरून उठले. दोन गिऱ्हाईक बायका पायरीवर आल्या.

रामदासने आरडाओरड केली नाही. केली असती तर बकुळाला त्याची इतकी भीती वाटली नसती. त्याने प्रितीच्या हातातला फोन बघितला, रिकाम्या कोपऱ्यात बघितलं, मग वळला आणि अगदी सावकाश विचारलं,

"नलूने सांगितलं ना?"

"कोण नलू?"

चपला घालताना तो म्हणाला, "बघतो," आणि गर्दीत शिरला. भोईवाड्याच्या दिशेने.

*

बकुळा आता खरी घाबरली. आतापर्यंत तिच्या अंगात जी धावपळ होती ती उतरली आणि खाली नुसती भीती उरली. सलोनी चेंबूरच्या पुढे असेल. नलू तिसऱ्या मजल्यावर होती.

सिद्धार्थची यादी फळीवरच राहिली होती, तीत नलूचा नंबर होता. फोन नलूनेच उचलला.

"नलू, तुझा ब्लाऊज तयार आहे. ये घेऊन जा."

"मावशी? आत्ता तर माप..."

"तयार आहे म्हणते ना. आत्ता ये. असशील तशी. मागच्या जिन्याने, शाळेच्या गल्लीतून. मोठ्या रस्त्याने नको."

मग नलू म्हणाली, "तयार आहे," जणू पावतीवर सही करावी तशी, आणि फोन बंद झाला.

अर्धवट कामाला 'होतंय' आणि न झालेल्या कामाला 'अर्धा तास' हे बकुळा रोज सांगते. न कापलेल्या ब्लाऊजला 'तयार' तिने पहिल्यांदाच म्हटलं.

सिद्धार्थ धापा टाकत परत आला. त्याने बॅगेतून बजेटचा कागद काढला, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. "ताई, मी त्या चौघींना सगळं पुसायला सांगितलंय. ॲपमधूनही काढलं. पण त्यांनी पुसलं की नाही ते मला... मला सांगता नाही येणार."

"बाकीच्या एकोणचाळीस जणींना मी स्वतः सांगेन. एकेकीला." बकुळा रस्त्याकडे बघत होती. "डेटा एन्ट्री काट. मापं वहीतच राहतील."

"वीसने मीच केलं तर? घरी?"

"काट म्हटलं ना. आणि ते लाइव्ह स्टेटस. तेही काट."

"तेच तर लोकांना हवं असतं, ताई."

"आज ते असतं तर त्याला घरी बसून दिसलं असतं की ट्रायल चालूच नाही." तिने रांगेतून एक साधा सुती पीस ओढला आणि फळीवर अंथरला. "ऑर्डर राहू दे, पैसे राहू देत. वेळ मी सांगणार. माझ्या तोंडाने."

बत्तीस, पंधरा, साडेसात. वही काढली नाही. कंबर दोन वेगवेगळी आली होती, तिने मोठी धरली. कात्री चालायला लागली, तेव्हा प्रितीच्या लक्षात आलं की मम्मीने पाठ कापली नाही, पुढचा भाग कापला नाही. तिने आधी अस्तराचा एक छोटा तुकडा कापला. चार बाय अडीच.

"दिसते का?" बकुळाने मान न उचलता विचारलं.

"नाही अजून."

"आणि तो?"

"तोही नाही."

सिद्धार्थ पायरीवर उभा राहून शाळेच्या गल्लीच्या तोंडाकडे बघत होता, प्रिती मोठ्या रस्त्याकडे. दोन्हीकडे शनिवारची गर्दी. दर दुसरी मुलगी नलू वाटत होती आणि दर तिसरा माणूस रामदास.

ती आली तेव्हा ओळखू आली नाही. घरातला गाऊन, वर टॉवेल ओढणीसारखा घेतलेला, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात सलोनीची. दुकानाच्या पायरीवर येऊन ती थांबली. फळीवरचे तुकडे तिला दिसले, बाहीसुद्धा अजून कापलेली नव्हती.

"झाला?" तिने विचारलं.

बकुळाने तिला हाताला धरून आत घेतलं. सिद्धार्थला खूण केली, त्याने शटर खाली ओढायला घेतलं. बाहेरचा बाजार गुडघ्याएवढा झाला, मग घोट्याएवढा. तेवढ्या फटीतून फक्त चपला जाताना दिसत होत्या, येताना दिसत होत्या.

बकुळाने टाचणी ओठांत धरली.

"बस," ती म्हणाली. "अर्धा तास लागेल."